हम्बोल्ट की मॅगेलॅनिक? दोन जवळच्या पेंग्विनांना छायाचित्रावरून ओळखण्याची रीत

मुंबईच्या भायखळ्यातील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ पासून त्यांतले उरलेले सात लोकांना पाहता येऊ लागले. ते सर्व हम्बोल्ट जातीचे. तेव्हापासून मराठी वाचकांच्या समोर पेंग्विनांची छायाचित्रे वरचेवर येतात, पण ज्या चित्राखाली ‘हम्बोल्ट पेंग्विन’ असे लिहिलेले असते त्यातला पक्षी पुष्कळदा मॅगेलॅनिक असतो. ही चूक समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही पक्षी दक्षिण अमेरिकेचे, दोघांची उंची साधारण गुडघ्याच्या थोडी वर, दोघांची पाठ काळी, पोट पांढरे, चेहऱ्याभोवती पांढरी कड आणि छातीवर काळा पट्टा. तरीही हे दोन पक्षी वेगळे आहेत, त्यांचे समुद्र वेगळे आहेत आणि त्यांच्या भवितव्याची स्थितीही एकसारखी नाही. हाती आलेल्या छायाचित्रातला पक्षी नेमका कोणता, हे ठरवण्याची मला सर्वांत भरवशाची वाटणारी रीत येथे क्रमाने मांडली आहे. हा क्रम सहसा बदलू नये, कारण प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा आधार लागतो.

सुरुवातीला नात्याचा उलगडा करून घेऊ. पेंग्विनांच्या स्फेनिस्कस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आज चार जाती आहेत: हम्बोल्ट, मॅगेलॅनिक, आफ्रिकन आणि गॅलापागोस. स्फेनिस्कस या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘लहान पाचर’ असा असून पाण्यात सूर मारताना या पक्ष्याचे शरीर खरोखरच पाचरीसारखे दिसते. हम्बोल्ट आणि मॅगेलॅनिक हे एकाच खंडाच्या किनाऱ्यांवर राहतात, म्हणून ते एकमेकांचे सर्वांत जवळचे भाऊबंद असावेत असे कोणालाही वाटेल. जनुकीय अभ्यासात मात्र हम्बोल्टची जवळीक गॅलापागोसशी आणि मॅगेलॅनिकची आफ्रिकनशी अधिक निघाली. ही गोष्ट निव्वळ कुतूहलाची नाही. ओळखीच्या कामात आफ्रिकन पेंग्विन मध्येच येऊन कसा घोटाळा करतो, हे पुढे दिसेलच.

पहिली पायरी: पक्षी प्रौढ आहे का?

बहुतेक चुका येथेच होतात, कारण पाहणारा थेट छातीवरचे पट्टे मोजायला लागतो. पट्ट्यांची खूण फक्त प्रौढ पक्ष्याला लागू पडते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर राखाडी लव असते. ती झडून पहिली जलरोधक पिसे आली की तो पक्षी समुद्रात उतरतो, पण त्या पिसाऱ्यात काळ्या-पांढऱ्या रंगांची ती ठसठशीत मांडणी नसते. डोके आणि मान करडी-तपकिरी, पाठ राखाडी, पोट पांढरे आणि या दोन रंगांमधली सीमा पुसट असे त्याचे रूप असते. प्रौढांचा पिसारा पुढे पिसे बदलल्यावरच येतो.

तेव्हा चित्र मोठे करून आधी चेहरा पाहावा. डोळ्यामागून निघून कानावरून खाली गळ्याकडे वळणारी पांढरी कड स्पष्ट दिसत असेल, तर पक्षी प्रौढ समजून पुढे जावे. ती कड दिसत नसेल किंवा मळकट दिसत असेल, तर पक्षी तरुण आहे असे धरावे. तरुण पक्ष्यांतही फरक असतो, पण तो नाजूक असतो. हम्बोल्टच्या तरुण पक्ष्याचे डोके गळ्यापर्यंत जवळजवळ एकाच गडद करड्या-तपकिरी रंगाचे असते आणि छातीवर पट्टा नसतो. मॅगेलॅनिकच्या तरुण पक्ष्याचे गाल फिकट राखाडी दिसतात आणि छातीच्या वरच्या भागावर धुरकट पट्ट्यासारखी छटा उमटलेली असते. एकाच चित्रावरून, विशेषतः उन्हाच्या तिरपेत किंवा पक्षी ओला असताना, या छटांवर निकाल देणे मला धाडसाचे वाटते. तरुण पक्ष्याच्या बाबतीत ठिकाण आणि महिना या पायरीची मदत घ्यावी. तेवढ्यानेही निश्चिती झाली नाही, तर ‘स्फेनिस्कस प्रजातीतील तरुण पक्षी’ एवढेच लिहून थांबावे.

दुसरी पायरी: काळे पट्टे नव्हे, पांढरे मोजावेत

हम्बोल्टच्या छातीवर एक काळा पट्टा आणि मॅगेलॅनिकच्या छातीवर दोन, हा नियम बहुतेकांनी वाचलेला असतो. नियम बरोबर आहे, पण वापरताना अडचण येते ती हनुवटीच्या काळ्या रंगाची. तो रंग पट्टा म्हणून मोजायचा की नाही, हे माणूस विसरतो आणि एका पट्ट्याचा पक्षी दोन पट्ट्यांचा ठरतो. म्हणून मी काळे पट्टे न मोजता पांढऱ्या जागा मोजतो.

पक्षी समोरून दिसत असेल तर त्याच्या हनुवटीपासून सरळ खाली पोटापर्यंत नजर न्यावी. हम्बोल्टमध्ये काळ्या हनुवटीखाली पांढरा भाग येतो, मग घोड्याच्या नालेसारखा काळा पट्टा येतो आणि त्याखाली पांढरे पोट सुरू होते. म्हणजे पांढऱ्या जागा दोन. मॅगेलॅनिकमध्ये काळ्या हनुवटीखाली चेहऱ्याभोवतीची पांढरी कड येऊन मिळते, तिच्याखाली मानेवरचा रुंद काळा पट्टा येतो, त्याखाली पुन्हा पांढरी पट्टी, मग नालेच्या आकाराचा दुसरा काळा पट्टा आणि शेवटी पांढरे पोट. म्हणजे पांढऱ्या जागा तीन. दोन असतील तर हम्बोल्टकडे आणि तीन असतील तर मॅगेलॅनिककडे झुकावे. मी ‘झुकावे’ असे म्हणतो, कारण निकालाची वेळ अजून आलेली नाही.

पक्ष्याची मान कशी आहे, हे येथे फार महत्त्वाचे ठरते. विश्रांती घेणारा पेंग्विन मान खांद्यांत ओढून उभा राहतो. मॅगेलॅनिकने अशी मान आखडली की वरचा पट्टा हनुवटीच्या काळ्या रंगात मिसळून जातो, मधली पांढरी कड झाकली जाते आणि तो हुबेहूब एका पट्ट्याचा दिसू लागतो. याउलट मान उंच ताणून, चोच आकाशाकडे करून ओरडणाऱ्या पक्ष्याच्या सर्व पट्ट्या उलगडलेल्या असतात. एकाच पक्ष्याची अनेक चित्रे मिळाली तर मान ताणलेले चित्र निवडावे आणि मान आखडलेल्या चित्रावरून ‘एकच पट्टा’ असा निकाल देऊ नये. पोहणाऱ्या पक्ष्याचे बहुतेक शरीर पाण्याखाली असते आणि छाती दिसतच नाही. तेथे ही पायरी सोडून सरळ पुढच्या पायरीवर जावे.

कुशीवरचे आणि छातीवरचे काळे ठिपके जात ओळखण्यासाठी वापरू नयेत. ते दोन्ही जातींत असतात. मात्र त्यांची मांडणी प्रत्येक पक्ष्यात वेगळी असते, त्यामुळे एकच पक्षी पुन्हा ओळखायचा असेल तेव्हा ते फार उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: चोचीचे मूळ आणि डोक्यावरची कड

मला एकच खूण निवडायला सांगितली तर मी पट्टा सोडून चोचीचे मूळ निवडीन. हम्बोल्टच्या चोचीच्या मुळाशी पिसे नसलेली, मांसल, गुलाबी कातडी असते. ती वरच्या चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या दिशेने जाते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खालच्या चोचीच्या मुळालाही वेढून हनुवटीकडे उतरते. चोचही जाड आणि भारदस्त असते. त्यामुळे बाजूने पाहिल्यावर हम्बोल्टच्या तोंडाच्या कोपऱ्याभोवती गुलाबी रंगाची रुंद चौकट असल्यासारखे दिसते.

मॅगेलॅनिकलाही चेहऱ्यावर गुलाबी रंग असतो आणि घोटाळा तेथेच होतो. विणीच्या हंगामात त्याच्या डोळ्याभोवतीची आणि डोळ्यापासून चोचीपर्यंतची पिसे झडतात आणि गुलाबी कातडी उघडी पडते, हंगाम संपल्यावर ती पुन्हा पिसांनी झाकली जाते. पण हा गुलाबी रंग मुख्यतः वरच्या बाजूला असतो. खालच्या चोचीच्या मुळाशी हम्बोल्टसारखी मांसल गुलाबी कातडी त्याला नसते, तेथपर्यंत काळी पिसे आलेली असतात. म्हणून ‘गुलाबी आहे का’ असा प्रश्न न विचारता ‘खालच्या चोचीच्या मुळाशी गुलाबी आहे का’ असा प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर हम्बोल्टची बाजू भक्कम होते.

या कातडीचे काम समजले की ती खूण लक्षातही राहते. पेंग्विनाचा दाट पिसारा थंड पाण्यासाठी आहे, पण हम्बोल्ट पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर उन्हात अंडी उबवतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याला पिसे नसलेली जागा लागते. उघड्या कातडीकडे रक्त अधिक वाहू लागले की ती उष्णता बाहेर पडते आणि कातडी अधिक लालसर दिसते. त्यामुळे तापलेल्या दिवशी ती भडक आणि गार हवेत फिकट दिसेल. तिच्या गडदपणावर निर्णय घेऊ नये, ती कोठपर्यंत पसरली आहे ते पाहावे.

चेहऱ्याभोवतीची पांढरी कड हम्बोल्टमध्ये अरुंद आणि मॅगेलॅनिकमध्ये अधिक रुंद असते. दोन्ही पक्षी शेजारी असतील तर हा फरक चटकन दिसतो, एकटा पक्षी असेल तर अरुंद कशाला म्हणायचे याचा अंदाज चुकतो. पोहणाऱ्या पक्ष्याच्या चित्रात मात्र डोके आणि चोच एवढेच हाती असल्यामुळे कडेची रुंदी आणि चोचीचे मूळ या दोहोंवरच भिस्त ठेवावी लागते.

आकार आणि आवाज यांचा उपयोग नाही. वजन आणि उंचीत दोन्ही जातींची मापे एकमेकांत मिसळतात, नर मादीपेक्षा मोठा असतो आणि पिसे बदलण्याआधी प्रत्येक पक्षी चरबीने फुगलेला असतो. आवाज चारही जातींचा गाढवाच्या ओरडण्याशी मिळताजुळता आहे.

चौथी पायरी: आफ्रिकन पेंग्विन बाजूला काढणे

एक पट्टा दिसला म्हणून पक्षी हम्बोल्टच आहे असे होत नाही, कारण आफ्रिकन पेंग्विनाच्या छातीवरही एकच पट्टा असतो. दोघांत फरक चोचीचाच. आफ्रिकन पेंग्विनाच्या डोळ्याच्या वर गुलाबी कातडीचा ठिपका असतो, पण खालच्या चोचीच्या मुळाशी मांसल गुलाबी कड नसते, आणि चेहऱ्याभोवतीची पांढरी कड रुंद असते. शिवाय काही आफ्रिकन पक्ष्यांत मानेवर दुसऱ्या पट्ट्याचा अर्धवट अंश दिसतो. असा पक्षी प्राणिसंग्रहालयाच्या चित्रात आला तर तो थेट मॅगेलॅनिक म्हणून नोंदवला जाण्याचा धोका असतो. चित्र दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियाच्या किनाऱ्यावरचे असेल तर प्रश्न तेथेच मिटतो. प्राणिसंग्रहालयातले असेल तर पिंजऱ्यावरची पाटी पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

पाचवी पायरी: ठिकाण आणि महिना

आतापर्यंत पक्ष्याकडे पाहिले, आता त्याच्या पायाखालची जमीन पाहावी. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या प्रशांत किनाऱ्यावर राहतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहावरून त्याला हे नाव मिळाले. हा प्रवाह खोल समुद्रातले अन्नद्रव्य वर आणतो आणि त्यावर अँचोव्हीचे प्रचंड थवे पोसले जातात. आपल्याकडच्या मांदेलीची ही जवळची नातलग मासळी या पेंग्विनाचे मुख्य खाद्य आहे. किनारा मात्र कोरडाठाक. म्हणून हम्बोल्टच्या रानातल्या चित्रात उघडे खडक, कपारी, पांढऱ्या विष्ठेने माखलेले कडे आणि चिलीत क्वचित निवडुंग दिसतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे थर शतकानुशतके साचले होते, त्यांत हा पक्षी बिळे खोदून अंडी घालत असे. एकोणिसाव्या शतकात हेच थर खत म्हणून खणून जहाजांनी युरोपला नेले गेले आणि त्याची घरटी घालण्याची जागाच नाहीशी झाली. आज पुष्कळ जोड्यांना खडकांच्या कपारींत आणि उघड्यावर भागवावे लागते.

मॅगेलॅनिकचा मोठा पसारा अर्जेंटिनाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, फॉकलंड बेटांवर आणि चिलीच्या दक्षिण टोकाकडे आहे. १५२० मध्ये दर्यावर्दी मॅगेलनच्या जहाजांनी पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर हे पक्षी पाहिले आणि पुढे त्याचेच नाव या जातीला मिळाले. अर्जेंटिनाच्या चुबूत प्रांतातील पुंता तोम्बो ही त्याची अतिशय मोठी आणि प्रसिद्ध वसाहत असून तेथे १९८२ पासून जीवशास्त्रज्ञ डी बोर्समा यांनी या पक्ष्यांचा सलग अभ्यास चालवला. तेथले चित्र अगदी वेगळे असते: बारीक खडीची सपाट जमीन, काटेरी खुरटी झुडपे, झुडपाखाली उकरलेला खळगा किंवा मातीतले बीळ, आणि क्षितिजापर्यंत पसरलेले पक्षी. चित्रात झुडपाखाली बसलेला पेंग्विन आणि भोवती गवताळ माळ दिसला तर मॅगेलॅनिकची शक्यता मोठी असते.

महिना त्याहूनही बोलका असतो. मॅगेलॅनिक हा स्थलांतर करणारा पक्षी आहे. पुंता तोम्बोला नर सप्टेंबरमध्ये येतात, मागोमाग माद्या येतात, ऑक्टोबरमध्ये बहुधा दोन अंडी घातली जातात, सुमारे चाळीस दिवस आईबाप आळीपाळीने ती उबवतात, नोव्हेंबरमध्ये पिल्ले बाहेर पडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून ती समुद्राकडे जाऊ लागतात. मग प्रौढ पक्षी किनाऱ्यावर उभे राहून सुमारे तीन आठवडे उपाशीपोटी सगळी पिसे बदलतात आणि एप्रिलपर्यंत वसाहत रिकामी होते. हिवाळा ते उत्तरेकडे, ब्राझीलच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रात काढतात. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या वाळूवर थकून आलेल्या पेंग्विनाचे चित्र मिळाले, तर तो जवळजवळ खात्रीने मॅगेलॅनिक असतो आणि बहुधा त्याच वर्षी घरटे सोडलेला तरुण पक्षी असतो. पहिल्या पायरीवर अडलेले पुष्कळ तरुण पक्षी येथे सुटतात.

हम्बोल्ट मात्र बहुतांशी आपल्या किनाऱ्याला धरून राहतो. पेरूमध्ये त्याची वीण वर्षाच्या मोठ्या भागात चालू असते आणि पिसे बदलण्याचा काळ प्रामुख्याने जानेवारी-फेब्रुवारीत येतो. म्हणून एकाच महिन्यातल्या चित्रांत अंडी, लहान पिल्ले आणि मोठी पिल्ले अशी सरमिसळ दिसणे त्याच्या बाबतीत नवल नाही. ‘एल निनो’च्या वर्षी प्रवाह उबदार होऊन मासळी दूर गेली की त्याची वीण कोलमडते. १९८२-८३ आणि १९९७-९८ चे एल निनो या जातीला फार जड गेले.

ठिकाणाचा पुरावा सर्वत्र सारख्या वजनाचा नसतो. अटलांटिक किनाऱ्यावरचा रानटी पक्षी हम्बोल्ट असण्याचा संभव जवळजवळ नाही, तेव्हा तेथे ठिकाण निर्णायक मानावे. चिलीच्या प्रशांत किनाऱ्यावर तसे करू नये, कारण मॅगेलॅनिक तेथेही घरटी करतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे सरकून हम्बोल्टच्या हद्दीत शिरतो. तेथे दुसरी आणि तिसरी पायरीच अंतिम समजावी.

जेथे दोघे शेजारी राहतात

चिलीच्या चिलोए बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत पुन्यिवील नावाची छोटी बेटे आहेत. तेथे हम्बोल्ट आणि मॅगेलॅनिक एकाच बेटावर घरटी करतात. पर्यटकांच्या नावा या बेटांभोवती फिरत असल्यामुळे तेथली चित्रे विपुल मिळतात, आणि सरावासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. एकाच चौकटीत दोन्ही जाती असतील तर कडेची रुंदी, चोचीचा जाडपणा आणि पांढऱ्या जागांची संख्या एकमेकांशी ताडून पाहता येते, आणि एकट्या पक्ष्यात न दिसणारा फरक डोळ्यांत भरतो.

पण येथेच सावध राहिले पाहिजे. दक्षिण चिलीत या दोन जातींच्या पक्ष्यांनी परस्परांशी जोड्या जमवल्याच्या आणि त्यांच्या संकरित संततीच्या नोंदी आहेत. संकरित पक्ष्यात दोन्हींच्या खुणांची सरमिसळ असते, जसे की मानेवरचा पट्टा तुटक किंवा पुसट, पण चोचीच्या मुळाशी गुलाबी मांसल भाग ठळक. दुसरी पायरी एक सांगते आणि तिसरी दुसरे, असे घडले तर आधी मान आखडलेली आहे का, सावली पडली आहे का, पिसे बदलण्याचा काळ आहे का हे तपासावे. ही कारणे दूर झाली, पक्षी प्रौढ आहे आणि ठिकाण दक्षिण चिलीचे आहे असे ठरले, तरच ‘संकरित असण्याची शक्यता’ असे लिहावे. एका पुसट पट्ट्यावरून संकराचा दावा करू नये. प्राणिसंग्रहालयांत या जातींचे पक्षी एकत्र ठेवल्यास संकर होऊ शकतो, तेथे पक्ष्याच्या वंशाची नोंदवही हाच खरा पुरावा.

सराव आणि नोंद

मुंबईकरांना सरावासाठी हम्बोल्ट घरच्याघरी उपलब्ध आहे. राणीच्या बागेत जाणाऱ्याने काचेपाशी घाईने मोबाईल न धरता एकच पक्षी दहा मिनिटे पाहावा. तो मान आखडतो तेव्हा पट्टा कसा दिसतो, ताणतो तेव्हा कसा दिसतो, खालच्या चोचीच्या मुळाची गुलाबी कड कोठे संपते, हे डोळ्यांत ठसवून घ्यावे. कृत्रिम प्रकाशात आणि काचेआडून गुलाबी रंग फिका पडतो, म्हणून रंगापेक्षा आकाराकडे लक्ष द्यावे. तेथे १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिले पिल्लू जन्मले, ते काही दिवसच जगले, पण पुढील वर्षांत आणखी पिल्ले जन्मली आणि वाढली. एखादा तरुण पक्षी दिसला तर त्याच्या बिनपट्ट्याच्या छातीकडे आवर्जून पाहावे. त्यानंतर पुंता तोम्बोची चित्रे काढून शेजारी ठेवली, की तिसरी पांढरी जागा दिसायला वेळ लागत नाही.

चित्राखाली ओळ लिहिताना किंवा आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जातीच्या नावाबरोबर ती कशावरून ठरवली हेही लिहावे: ‘प्रौढ, मान ताणलेली, पांढऱ्या जागा तीन, खालच्या चोचीच्या मुळाशी काळी पिसे, पुंता तोम्बो, नोव्हेंबर.’ अशी ओळ असली की पुढच्या माणसाला ती तपासता येते. खात्री नसेल तेव्हा प्रजातीवर थांबावे, त्यात कमीपणा नाही. दोन जातींच्या नावांत गफलत होणे मला क्षुल्लक वाटत नाही. धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत हम्बोल्ट ‘असुरक्षित’ वर्गात आहे आणि त्याच्या व्यापारावर कडक बंधने आहेत, तर दहा लाखांहून अधिक जोड्या असलेला मॅगेलॅनिक तूर्त त्या धोक्याबाहेर मानला जातो. पॅटागोनियातल्या अफाट वसाहतीच्या चित्राखाली हम्बोल्टचे नाव पडले, तर वाचणाऱ्याला हम्बोल्ट विपुल आहे असे वाटते, आणि पेरूच्या कपारीत एकट्याने अंडी उबवणारी जोडी त्याच्या नजरेआड जाते.